तलावाला माता आली तेव्हा

"हा मेलेला आहे, काका," तालुक्याच्या मत्स्य कार्यालयातल्या टेकाम मॅडम म्हणाल्या.

मी पोत्यातून काढून त्यांच्या टेबलावर वर्तमानपत्रावर ठेवलेला रोहू त्या पेन्सिलीने उलटून पाहत होत्या. अंगावर लाल चट्टे होते. शेपटीजवळ मांस उघडं पडलं होतं. पोट फुगून खवले उभे राहिले होते. वास सुटला म्हणून बाजूचा कारकून उठून खिडकी उघडून गेला.

"मेला म्हणूनच आणला, मॅडम. जिता असता तर बाजारात नेला असता."

त्या हसल्या नाहीत. "मेलेल्या माशात पाण्यातले सगळेच जंतू शिरतात. मयताच्या घरी गाव जमा होतं ना, तसं. त्यातला मारणारा कोण, हे कसं ओळखायचं? हे असे चट्टे बुरशीनं येतात, उवांनी येतात, जिवाणूंनी येतात. प्रत्येकाचा इलाज वेगळा. मला मरायला टेकलेला, पण जिता मासा पाहिजे. तलावाच्याच पाण्यात, ऑक्सिजनच्या पिशवीत. मत्स्यबीज आणता ना, तसा."

"ते जमणार नाही," मी म्हणालो.

"का?"

"तलावाला माता आली आहे."

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. त्या स्वतः देवरीकडच्या खेड्यातल्या. माता म्हणजे काय हे त्यांना समजावून सांगावं लागलं नाही.

आमच्याकडे माणसाच्या अंगावर पुरळ उठलं, गोवर आला, कांजिण्या आल्या, की माता आली म्हणतात. घराला कडुनिंबाचा डहाळा लावतात. घरात फोडणी देत नाहीत, सुरी-कात्री वापरत नाहीत, औषध देत नाहीत. माता पाहुणी म्हणून आली आहे, तिला दुखवायचं नाही. गावाबाहेर मातामायचं ठाणं असतं, तिथे गार पाणी घालायचं आणि ती आपल्या पायानं जाईल त्याची वाट बघायची. त्या हिवाळ्यात आमच्या तलावातल्या माशांच्या अंगावर लाल चट्टे उठले. आमच्या ढिवरांच्या, म्हणजे मासेमारांच्या, टोळीतल्या म्हाताऱ्यांनी पाहिलं आणि म्हणाले, ही माताच. मग घराला जे नियम तेच तलावाला. पाण्यात जाळं नाही, लोखंड नाही. मासा कापायचा नाही. मासे रोज काठाला लागत होते आणि आम्ही बघत होतो. अख्ख्या टोळीचं वर्ष त्या तलावात होतं.

"एवढा एकच आणता आला," मी म्हणालो. "आपोआप मरून सांडव्यावरून बाहेर पडला होता. बाहेर पडलेल्याला नियम नाही."

"नियम चांगला शोधला," मॅडम म्हणाल्या. "आता जित्यासाठी शोधा. उशीर केलात तर ओळखायलाही काही उरणार नाही."

घरी आलो तेव्हा भागरथा अंगणात शिंगाडे उकडत होती. माझी बायको. मातामायच्या ठाण्याला पाणी घालायचा मान आमच्या घराकडे होता. माझ्या आईनंतर तो भागरथाकडे आला होता. सकाळी आंघोळ करून, ओल्या लुगड्यानं, अनवाणी जायची. रस्त्यात कोणाशी बोलायची नाही. माझा देवाधर्माशी फार संबंध नव्हता, पण तिचा होता, आणि मी तिला कधी अडवलं नाही.

मी तिला सगळं सांगितलं.

"जिता मासा कशाले पाहिजे म्हनते?"

"रोग ओळखायले. नाव कळलं की इलाज करता येते म्हनते."

ती पळीनं शिंगाडे हलवत राहिली. "आपल्या घरी पाहुना आला तर त्याले नाव नाही का पुसत आपन?"

"पुसतो."

"मग झालं."

"काय झालं?"

"जेवून घ्या," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती मातामायला पाणी घालून आली, भाकरी टाकल्या, आणि मला म्हणाली, "ते बीजाची पिशवी घ्या. ऑक्सिजनचं नळकांडं भरलेलं आहे ना सोसायटीत?"

तलावाच्या पाळीवर इस्तारी मारबते बसला होता. आमच्या मच्छीमार सोसायटीचा अध्यक्ष, आणि नात्यानं भागरथाचा मामेभाऊ. चुकून कोणी पाण्यात उतरू नये म्हणून तो रोज तिथे काठी घेऊन बसायचा. वाईट माणूस नव्हता. त्याचे स्वतःचे दोन भाऊ लहानपणी मातेनं गेले होते. त्याच्या बापानं म्हणे चोरून सुई टोचून आणली होती, म्हणून गेले असं त्याची आई मरेपर्यंत सांगत होती.

भागरथानं लुगड्याचा कासोटा आवळला आणि सरळ पाण्यात उतरली.

"बाई," इस्तारी उठून उभा राहिला. "भागरथाबाई, काय करून राहिली?"

"दिसत नाही का? पान्यात उतरून राहिली."

"माता आहे तलावात. तू तिले पानी घालनारी. तुले सांगा लागते का?"

"हातात जाळं दिसते का, भाऊ?"

"नाही."

"लोखंड दिसते का?"

"नाही."

"मग बस. हात तं तिनंच देल्ले आहेत."

इस्तारीनं माझ्याकडे पाहिलं. "तू तरी सांग ना सदाराम तिले."

"माझं ती कधी आयकली," मी म्हणालो. "तू भाऊ आहेस, तू सांग."

काठाजवळ शिंगाड्याचे वेल पसरले होते. आजारी मासे त्या वेलांत येऊन थांबत. त्यांना पोहण्याची ताकद नव्हती. भागरथा कमरेएवढ्या पाण्यात थांबली, दोन्ही हात पाण्याखाली घातले. मासा दिसला की हळूच खालून ओंजळ आणायची. एक सुटला, दुसरा सुटला. तिसरा तिनं धरला आणि धरताना तिचं तोंड वाकडं झालं.

"काय झालं?"

"शिंगाडा टोचला. पिशवी उघडा लवकर."

कटला जातीचा मासा होता, हातभर लांब. कल्ले हलत होते. लाल चट्टे पोटाकडून वर चढले होते, एक डोळा बाहेर आला होता. आम्ही तो पिशवीत घातला, ऑक्सिजन भरला, सुतळीनं तोंड बांधलं. भागरथानं तळहात लुगड्याला पुसला. तळहाताच्या मध्यात शिंगाड्याच्या काट्यानं भोक पाडलं होतं. रक्त थोडंसंच आलं. शिंगाड्याचे काटे आम्हाला रोजचे. तिनं चोखून थुंकून टाकलं.

इस्तारी म्हणाला, "बाई, हे चांगलं नाही झालं." तो रागानं बोलत नव्हता. त्याला भीती वाटत होती.

पिशवी मोटरसायकलवर पुढे धरून मी तालुक्याला नेली. मासा पोचेपर्यंत जिता होता. मॅडमनी त्याच दिवशी तो कापला. आतलं मूत्रपिंड काढलं, त्यात तार फिरवून काचेच्या बशीत काहीतरी ओढलं आणि ती बशी गाडीनं नागपूरच्या प्रयोगशाळेत पाठवली. "दोन-तीन दिवस लागतील," म्हणाल्या. "जंतू वाढावे लागतात, मग ओळखता येतात. तोवर तलावाचं पाणी गुरांना पाजू नका. आणि हात उघडा असेल, जखम असेल, तर पाण्यात घालू नका."

हे त्या मला जाताना दारात म्हणाल्या.

घरी आलो तर भागरथाचा हात सुजला होता. सकाळपर्यंत सूज मनगटाच्या वर गेली. गावच्या डॉक्टरनं गोळ्या आणि इंजेक्शन दिलं. दुपारपर्यंत ताप चढला. दुसऱ्या दिवशी तळहातावर काळसर फोड आला आणि कोपरापर्यंत लाल पट्टे दिसू लागले. माशांच्या अंगावर होते तसेच लाल. ते तिनं पाहिलं, मी पाहिलं, शेजारपाजाऱ्यांनी पाहिलं. संध्याकाळी आमच्या दाराला कोणीतरी कडुनिंबाचा डहाळा लावून गेलं.

मी तिला जीपमध्ये घालून शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टर रहांगडाले म्हणून होते. तरणेच होते, पण शांत. हात पाहून त्यांनी मला व्हरांड्यात बोलावलं.

"हे फार वेगानं चढत आहे. नेहमीचं औषध सुरू केलं आहे, पण उतार दिसत नाही. हात उघडून आतलं सडलेलं काढावं लागेल. त्यानंही थांबलं नाही, तर..." त्यांनी आपल्याच दंडावर कोपराच्या वर बोट ठेवलं.

"तर काय?"

"तर इथून काढावा लागेल. जीव वाचवायचा तर. कशानं झालं हे?"

"तलावात शिंगाडा टोचला."

"पू तपासायला पाठवला आहे. पण त्याचं उत्तर यायला वेळ लागेल, आणि तेवढा वेळ हाताजवळ नाही."

मी आत गेलो तर इस्तारी आलेला. खाटेजवळ उभा, हातात पितळी लोटा. मातामायच्या ठाण्यावरचं पाणी आणलं होतं.

"बाई, घरी चल," तो म्हणत होता. "मी तुले दोष नाही देत. तू आमच्यासाठी उतरली पान्यात. पन माता तुह्या अंगात आली आता. इथं हे लोक लोखंड लावतील. माहे भाऊ कसे गेले, तुले माहीत आहे."

भागरथा तापानं लाल झाली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. "घेऊन चला मले."

"डॉक्टर कापून साफ करतो म्हनते."

"नोको. मी तिले न पुसता हात घातला. आता लोखंड नोको. सुई बी नोको."

"तूच म्हनली होती, पाहुन्याले नाव पुसतात."

"तवा हात दुखत नव्हता," ती म्हणाली.

मला हसू आलं आणि रडूही आलं. एवढी वर्षं संसार केला, तिला घाबरलेली मी पहिल्यांदा पाहत होतो. सिस्टर सुई घेऊन आली तर भागरथानं हात छातीशी ओढून घेतला. इस्तारी मध्ये उभा राहिला. मी त्याला बाजूला ढकललं. त्याच्या लोट्यातलं पाणी फरशीवर सांडलं. वॉर्डातली माणसं आमच्याकडे बघू लागली.

इस्तारी वाकून आपल्या दुपट्ट्यानं ते पाणी पुसू लागला. पुसता पुसता म्हणाला, "मारून टाकशील तिले, सदाराम."

मी बाहेर गेलो. खिशात मॅडमचा नंबर होता. दोनदा लावला, लागला नाही. तिसऱ्यांदा लागला.

"काका, मीच फोन करणार होते," मॅडम म्हणाल्या. "तुमच्या माशाचं उत्तर आलं. जिवाणूच आहे, बुरशी नाही. एरोमोनास म्हणतात. कोणत्या औषधानं मरतो आणि कोणत्यानं नाही, तेही तपासून आलं आहे."

मी म्हणालो, "मॅडम, तो भागरथाच्या हातात आहे."

त्या म्हणाल्या, "मी माशांची आहे, काका. माणसाचं मी सांगू नये. डॉक्टरांना फोन द्या."

रहांगडाले दुसऱ्या रोग्याजवळ होते. मी तसाच त्यांच्या हातात फोन दिला. माशांच्या डॉक्टरचा फोन आहे म्हणालो. त्यांच्या जागी दुसरा कोणी असता तर मला हाकललं असतं. त्यांनी फोन कानाला लावला. ते दोघं अर्धं इंग्रजीत बोलले. डॉक्टरांनी मध्येच हातानं सिस्टरला थांबवलं, लावलेली सलाईन बंद करायला सांगितली, दुसरं औषध सांगितलं. मग मला म्हणाले, "हाच असण्याची शक्यता फार आहे. आपण चालवत होतो त्या औषधाला तो जुमानत नाही. पण औषध बदललं तरी हात उघडावा लागेलच. त्यांना तयार करा."

"माझं ती आयकत नाही."

"मग कोणाचं ऐकतात?"

मी फोन परत घेतला आणि मॅडमना म्हणालो, तुम्हीच बोला तिच्याशी. फोनचा आवाज मोठा केला आणि तो भागरथाच्या उशाशी खाटेवर ठेवला. इस्तारीही ऐकत होता.

"भागरथाबाई, मी टेकाम. तुम्ही पकडलेल्या माशानं सांगितलं सगळं."

"काय सांगतलं?"

"त्याला काय झालं ते. एरोमोनास नावाचा जीव आहे. डोळ्याला दिसत नाही. पाण्यात असतोच, थंडीत मासा अशक्त झाला की त्याच्यात शिरतो. तुमच्या हातातही तोच शिरला असावा."

"एरोमाना," भागरथा म्हणाली. "बाईचंच नाव दिसते." मग म्हणाली, "म्हंजे माता नाही?"

मला वाटलं मॅडम नाही म्हणतील. नाही म्हणणं सोपं होतं.

"माता आहे का नाही ते आमच्या यंत्रात दिसत नाही, बाई," त्या म्हणाल्या. "जे दिसलं ते सांगितलं. हे औषधानं मरतं, आणि सडलेलं कापून काढलं नाही तर पसरतं. माझ्या आईचा हात असता तर मी कापा म्हटलं असतं."

भागरथानं डोळे मिटले. इस्तारीनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर तिनं डोळे न उघडताच म्हटलं, "भाऊ, तू चूप बस जरा. विचार करू दे."

मग सिस्टरकडे सुजलेला हात केला.

हात वाचला. तळहातापासून मनगटाच्या वर चीर दिली होती, ती भरायला फार दिवस गेले. शेवटची दोन बोटं वाकडी राहिली, हलायची बंद झाली. जाळं विणायला ती बोटं लागतात. तिनं जाळं विणणं सोडलं.

आम्ही घरी आलो तेव्हा तलावावर सगळी टोळी होती. मॅडमनी सांगितलं तसं मरायला टेकलेले मासे जाळ्यानं काढून खड्ड्यात चुना टाकून पुरत होते. पाण्यात चुन्याची निवळी सोडत होते. इस्तारी स्वतः डोंग्यात उभा होता. मला आश्चर्य वाटलं. मी पाळीवर जाऊन विचारलं, "जाळं कसं चाललं आता?"

"तलावात माता नाही आता," इस्तारी म्हणाला. "तिनं तलाव सोडला. भागरथाच्या हातात आली. तिनं आपल्यावर घेतली म्हनून आपले मासे वाचले."

"डॉक्टरनं औषध देल्लं, इस्तारी. तू उभा होता तिथं. तू आयकलं."

"आयकलं ना," तो म्हणाला. "त्या मॅडमनं तरी कुठं नाही म्हटलं?"

अर्धे मासे वाचले. ते वर्ष निघून गेलं.

मग बाया येऊ लागल्या. आधी आमच्या टोळीतल्या, मग बाजूच्या गावांतल्या. भागरथाच्या त्या वाकड्या बोटांना हळदकुंकू लावायच्या, डोकं टेकवायच्या. ती हात पदराखाली लपवायची. म्हणायची, "मी कोनी नाही बाप्पा, जा घरी." तेवढ्यानं तर त्यांची श्रद्धा वाढायची.

एके दिवशी एक बाई अंगभर पुरळ उठलेली लहान मुलगी घेऊन आली. पोर तापानं फणफणत होती, डोळे उघडत नव्हती. बाई म्हणाली, "हात फिरवा डोक्यावरून, एवढंच मागनं आहे." भागरथानं पोरीच्या कपाळाला हात लावला. मग तिनं असं काही केलं जे मी तिला कधी करताना पाहिलं नव्हतं. डोळे मिटले, अंग ताठ केलं, आवाज बदलला आणि म्हणाली, "मी सांगतो ते आयक. इले आत्ताच्या आत्ता दवाखान्यात ने. सुई टोचू दे. सुई टोचली तर माहा रस्ता मोकळा होते."

बाई पोरीला घेऊन पळतच गेली.

मी ओसरीवर बसलो होतो. "माता बोलली तुह्यात?" मी विचारलं.

"नाही."

"मग?"

"माहं कोन आयकते? तिचं आयकते लोक."

ती पोर वाचली. त्यानंतर जे आले त्या सगळ्यांना भागरथानं तसंच सांगितलं. दवाखान्यात न्या. सुई घ्या. पोरांना लशी द्या, मातेचा हुकूम आहे. लोकांनी ऐकलं. दवाखान्यातल्या नर्सबाई सणाला आमच्याकडे येऊन बसायच्या आणि हसायच्या. भागरथा हसायची नाही.

मातामायला पाणी घालणं तिनं ती पहिली पोर आली त्याच आठवड्यात बंद केलं होतं. मान इस्तारीच्या सुनेकडे दिला. मी कारण पुन्हा पुन्हा विचारलं. शेवटी म्हणाली, "तिच्या नावानं खोटं बोलतो मी. खोट्या तोंडानं तिच्या दारी कशी जाऊ?"

"पोरं वाचतात ना त्यानं."

"वाचतात. म्हनून बोलतो. पन खोटं तं खोटंच." आणि भांडी घासायला घेतली.

मरेपर्यंत ती त्या ठाण्याकडे फिरकली नाही. सकाळी आंघोळ करायची, लुगडं ओलंच ठेवायची, आणि अंगणातच उभी राहायची. त्या वेळी मी तिच्याशी बोलत नसे.

गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता भागरथा गेली. छातीत दुखलं आणि गेली, दवाखान्यापर्यंत पोचलीच नाही. लोक म्हणतात माणूस गेल्यावर घर मोठं होतं. माझं तर लहान झालं. मी ओसरीवरच झोपतो, ओसरीवरच शिजवतो. आतल्या खोलीत जात नाही.

परवा एक बाई आली, लांबच्या गावची. तिला काही माहीत नव्हतं. कडेवर पोरगी, अंगावर पुरळ, मान टाकलेली. बाई घामानं भिजली होती, मोटरस्टँडवरून चालत आली असावी.

"माताबाई आहेत का घरी?"

गेली म्हणून सांगायला मी तोंड उघडलं. पोरीच्या श्वासाचा आवाज मला ऐकू येत होता.

"आहे," मी म्हणालो. "आत आहे. बरं नाही तिले, बाहेर येत नाही. थांबा, पुसून येतो."

मी आतल्या खोलीत गेलो. तिची खाट भिंतीला उभी लावलेली होती. तिथे थोडा वेळ उभा राहिलो आणि बाहेर आलो.

"काय म्हनल्या?" बाईनं विचारलं.

"दवाखान्यात न्या म्हनते. आत्ताच."

बाईनं पोरीला पदरात गुंडाळलं. जाण्याआधी तिला आतल्या दारासमोर डोकं टेकवायचं होतं. मी बाजूला सरलो.